आमच्या निवासी डॉक्टरांना झोपू द्या

कृष्णाकाठ | ८ सप्टेंबर, रात्री १०:५०

गणपतीत माझा भाचा घरी आला होता. ऑर्थोपेडिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे, सरकारी कॉलेजात, म्हणजे शिकता शिकता वॉर्डात काम करणारा निवासी डॉक्टर. दीड दिवसाची सुट्टी, तीही सोबतच्या मुलाच्या दोन इमर्जन्सी (दिवसरात्रीच्या ड्युट्या) अंगावर घ्यायच्या कबुलीवर मिळालेली. संध्याकाळी मी त्याच्या हातात झांजा दिल्या. दुसरी आरती सुरू झाली आणि झांजांचा आवाज थांबला. बघते तर भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेला. बहिणीने खांद्याला हात लावला तसा दचकून म्हणाला, "सर, चौदा नंबरचं सोडियम पाठवलंय, रिपोर्ट यायचाय." आमच्याकडे कोणी हसलं नाही. बहीण उठून स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मी स्वतः एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. २००३ मध्ये मीही जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, होते. तेव्हाची एक गोष्ट मी आजवर घरातसुद्धा सांगितलेली नाही. इमर्जन्सीची दुसरी पहाट, चार वाजले असतील. एका पेशंटला ४० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम सलाइनमधून चार तासांत द्यायचं होतं. मी कागदावर एक तास लिहिलं. त्या वेगाने ते गेलं असतं तर हृदय बंद पडू शकलं असतं. रात्रपाळीच्या सिस्टर कागद घेऊन माझ्याकडे आल्या, टेबलावर ठेवला, एवढंच म्हणाल्या, "मॅडम, हे परत एकदा बघता का?" मी तीनदा वाचलं तरी मला चूक दिसेना. त्यांनी बोट ठेवलं तेव्हा दिसली. मी कागद दुरुस्त केला. त्यांनी मला खुर्चीत बसवून चहा दिला आणि वॉर्डात ही गोष्ट कुणाकडे काढली नाही. मला औषधाचा डोस माहीत नव्हता असं नाही. झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. पण मी झोपेतून उठलेच नव्हते, कारण झोपलेच नव्हते.

एकोणीस-वीस तास जागं राहिलेला मेंदू दारू प्यायलेल्या मेंदूसारखा वागतो हे शास्त्राने केव्हाच दाखवलंय. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगात सलग १७ तास जागरणानंतर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरलेली आढळली होती. प्यायलेल्या डॉक्टरला आपण वॉर्डात पाऊल ठेवू देणार नाही. छत्तीस तास जागलेल्याला मात्र सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी, टाकायला सांगतो.

आणि नियम नाहीत असं मुळीच नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत साधारण ४८ तासांचा आठवडा, एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त सलग काम नाही आणि आळीपाळीने आठवड्याची सुट्टी असं लिहिलेलं आहे. मी ड्युटीला लागले तेव्हा त्या कागदाला अकरा वर्षं झाली होती. माझा भाचा लागला तेव्हा तीस उलटून गेली होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत 'वाजवी' कामाचे तास आणि विश्रांतीला 'वाजवी' वेळ असे शब्द आहेत. वाजवी म्हणजे किती, हे युनिटचे प्रमुख ठरवतात.

आजकाल कॉलेजांत 'वेलनेस'चे कार्यक्रम होतात. ध्यान, योग, तणावावर व्याख्यान. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण भाच्याला तशा एका व्याख्यानाला पोस्ट-इमर्जन्सी, म्हणजे इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी, बसवलं होतं, हजेरी लावून. त्याला त्या दोन तासांत खोलीवर जाऊन झोपू दिलं असतं तर जास्त उपकार झाले असते. डॉक्टरांची काळजी घ्यायची असेल तर ती ड्युटीच्या कागदावर दिसली पाहिजे: अमुक वाजता हा सुटेल, तमुक त्याच्या जागी येईल. मदत मागायची वेळच येऊ नये अशी मांडणी हवी, कारण हा मुलगा मदत मागणार नाही. मीही मागितली नव्हती.

इथे बरेच डॉक्टर आहेत, पालक आहेत. तुमच्याकडे काय चाललंय, आणि कुठे काही सुधारलं असेल तर ते कसं सुधारलं, लिहा.

रातराणी_७ | ८ सप्टेंबर, रात्री ११:३५

मी स्टाफ नर्स आहे, २२ वर्षं. ती सिस्टर मी नव्हे, पण तसे कागद मीही परत नेलेले आहेत. आमच्या तीन पाळ्या. कितीही गर्दी असो, पुढची आल्यावर आम्ही बेडजवळ उभं राहून ओव्हर देतो: कुणाला काय चालू, कुणाचं काय बाकी, कुणाकडे लक्ष ठेवायचं. मग घरी जातो. आमच्यातही डबल ड्युट्या होतात, माणसं कमी आहेत, ते दुखणं वेगळं. पण या पोरांना ओव्हर द्यायला समोर कुणी नसतंच. सकाळी तीच, रात्री तीच, दुसऱ्या दुपारीही तीच. आमच्या वॉर्डातल्या मावशी रात्री पोळीभाजी जास्त आणतात, "डॉक्टरलोकांनी खाल्लं नसंल" म्हणून.

नऊनंबर | ९ सप्टेंबर, पहाटे ३:१२

मेडिसिन, जेआर-टू. कॉलेज सांगत नाही. आत्ता वॉर्ड शांत आहे म्हणून लिहितोय.

इमर्जन्सी डे सकाळी ८ ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशीचा संध्याकाळचा राउंड संपला की सुटतो. म्हणजे ३४ ते ३६ तास. पहिल्या वर्षी त्यातला किती वेळ खरं 'डॉक्टर' होतो ते मी एकदा मोजलं होतं. रक्ताची सॅम्पल्स स्वतः लॅबमध्ये नेणे, रक्तपेढीतून पिशवी आणणे, सीटीची तारीख मिळवणे, फिल्म आणणे, फुले योजनेच्या प्री-ऑथसाठी (उपचाराच्या आगाऊ मंजुरीसाठी) पेशंटचा फोटो नि कागद अपलोड करणे, सर्व्हर बंद पडला की पुन्हा अपलोड करणे. वॉर्डबॉय मामा एकच आणि वॉर्ड दोन, त्यामुळे ट्रॉलीही आम्हीच ढकलतो. पाच-सहा तास यातच जात होते. ही कामं करायला माणसं भरली तर आमचे तास उद्या कमी होतील, एकही नवा डॉक्टर न नेमता.

तक्रार का करत नाही असं लोक विचारतात. थीसिसवर ज्यांची सही लागते, परीक्षेला जे समोर बसतात, ड्युटी जे लावतात, ती सगळी एकच माणसं आहेत. सोडून जावं तर सीट-लिव्हिंग बाँडचे, म्हणजे मधेच सीट सोडल्याच्या दंडाचे, लाखो रुपये. तो बाँड काढून टाका असं आयोगाने २०२४ च्या सुरुवातीला राज्यांना कळवलं होतं. माझ्यासोबतच्या मुलीच्या वडिलांनी तेवढ्यासाठी शेत विकायची तयारी केली होती. ती थांबली. शेतही राहिलं. पण ती वर्षभर कुणाशी नीट बोलली नाही.

बेल वाजली. येतो.

पालक_नाशिक | ९ सप्टेंबर, सकाळी ९:०५

मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाचून पोटात खड्डा पडला. एक साधा प्रश्न आहे. फोनवर आम्ही तिच्याशी काय बोलावं? आम्ही नेहमी "थोडेच दिवस राहिले, सोस" म्हणतो. आमच्या घरात तिच्याआधी कुणी डॉक्टर नाही.

कृष्णाकाठ | ९ सप्टेंबर, दुपारी १:४०

दादा, "सोस" म्हणू नका. ऐकणाऱ्याला त्यातून "आम्हाला सांगू नकोस" असं ऐकू येतं. माझ्या आईने प्रेमानेच म्हटलं होतं आणि मी नंतर तिला सांगायचं बंद केलं. "शेवटचं नीट कधी झोपलीस?" असं विचारा. "आज काय खाल्लंस?" विचारा. आणि तिला एकदा स्पष्ट सांगून ठेवा, की सहा महिने परीक्षा पुढे गेली तरी चालेल, आमच्या घराला काही होत नाही. एकदा सांगून ठेवलेलं मुलांच्या लक्षात राहतं.

शल्यविशारद | ९ सप्टेंबर, रात्री ९:२०

मी जनरल सर्जन, निवृत्तीला आलेला प्राध्यापक. माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. शस्त्रक्रिया हाताने शिकायची असते. रात्री दोनला आलेलं फुटलेलं आतडं दुपारी दोनला येत नाही. बारा तासांनी मुलगा घरी गेला तर सकाळी पेशंटचं पोट कसं लागतंय, लघवी किती झाली, हे तो बघणार नाही, आणि पेशंट हातचा जातो तो तिथेच. आम्ही तीन वर्षं वॉर्डातच राहिलो. त्यातून जे आलं ते पुस्तकातून आलं नसतं. तास कापले तर पाच वर्षांची रेसिडेन्सी करावी लागेल, आणि सरकारी रुग्णालयातली गर्दी कोण बघणार?

साहेबाचा_गाव | १० सप्टेंबर, पहाटे २:३०

सर, मी मुंबईत एमएस करून आता इंग्लंडमध्ये सर्जरीच्याच ट्रेनिंगमध्ये आहे, म्हणजे दोन्ही पाहिलंय. इथे सरासरी आठवडा ४८ तासांचा, एक शिफ्ट जास्तीत जास्त १३ तासांची, दोन शिफ्टमध्ये साधारण ११ तास विश्रांती. ओळीने तीन-चार नाइट केल्या की ४६ तास सुट्टी. ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबावं लागलं तर ऑनलाइन नोंद करायची. ती बघायला प्रत्येक ट्रस्टमध्ये (रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेत) एक जबाबदार माणूस नेमलेला असतो, आणि तो माझा परीक्षक नसतो. नाइटनंतर गाडी चालवण्याच्या स्थितीत नसलो तर झोपायला जागा किंवा घरी जायची सोय मागता येते. डॉक्टरांच्या मानसिक आजारांसाठी वेगळी गोपनीय सेवा आहे, ती २००८ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली.

तुमचा मुद्दा खोटा नाही. इथे ट्रेनिंगची वर्षं जास्त आहेत आणि हातात केसेस कमी येतात, मला ते जाणवतं. इथेही रोटामध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, माणसं नसतात, लोक खचतात, आणि परदेशातून आलेला डॉक्टर हिवाळ्यात फार एकटा पडतो. पण मुंबईत मी काही ऑपरेशनं अशी केली आहेत जी मला अजिबात आठवत नाहीत. नोट्समध्ये माझं नाव आहे म्हणून केली असं म्हणायचं. त्यातून मी काय शिकलो असेन?

कृष्णाकाठ | १० सप्टेंबर, सकाळी ७:१५

सर, तुमच्यासारख्यांनीच आम्हाला घडवलं, म्हणून आदराने लिहिते. पेशंट हातचा जाऊ नये ही तुमची काळजी आहे, माझीही तीच आहे. बोस्टनमध्ये इंटर्न डॉक्टरांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आला होता. आयसीयूत २४ तासांहून लांब शिफ्ट करणाऱ्यांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या होत्या. पेशंटची माहिती तुटते हे खरं, पण ती तुटते ओव्हर नसल्यामुळे. रातराणीताईंनी लिहिलंय तसं बेडजवळ उभं राहून सर्जनांनी एकमेकांना ओव्हर दिली तर सकाळी लघवी किती झाली हे दोघांना माहीत असेल.

आणि गर्दीचं म्हणाल तर ती खरंच कोण बघणार, हा प्रश्न सरकारला विचारायचा आहे. पंचविशीच्या मुलांच्या झोपेतून त्याचं उत्तर काढू नये.

शल्यविशारद | १० सप्टेंबर, रात्री १०:००

ओव्हरचं मान्य. माझ्या युनिटमध्ये ती कधीच नीट झालेली नाही, तोंडी दोन वाक्यं होतात आणि तीही फोनवर. केसेसच्या संख्येबद्दल माझं मत कायम आहे. पण ऑपरेशन आठवत नाही हे जे त्या डॉक्टरांनी लिहिलं, ते काल रात्री डोक्यातून गेलं नाही. माझीही अशी काही आहेत.

मोगरा | ११ सप्टेंबर, दुपारी ४:३०

स्त्रीरोग, जेआर-थ्री. झोपेबद्दल सगळे बोलताय, जागेबद्दल कुणी बोललं नाही. लेबर रूममागे आमची ड्युटी रूम आहे, त्यात एक पलंग, पाच मुली. दाराला आतून कडी नाही. आम्ही सलाइनचा स्टँड आडवा लावून झोपायचो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात आमच्यासारखीच एक निवासी डॉक्टर लांबलचक ड्युटीत विसाव्यासाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती. तिथे तिच्यावर बलात्कार झाला, खून झाला. त्या आठवड्यात आम्ही सगळ्या काळ्या फिती लावून उभ्या होतो. मग सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं, पाहण्या झाल्या. आमच्या दाराला कडी मात्र आम्हीच वर्गणी काढून बसवली, दोनशे ऐंशी रुपयांत.

वाट_चुकलेला | ११ सप्टेंबर, रात्री ८:५०

मी डॉक्टर नाही. वडील अत्यवस्थ होते तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात मी एका तरुण डॉक्टर मुलीच्या अंगावर धावून गेलो होतो. चार तास कुणी काही सांगत नव्हतं. भावाने मला धरलं म्हणून पुढचं टळलं. ती घाबरून मागे सरकली आणि म्हणाली, "काका, मी एकटीच आहे हो, ऐंशी पेशंट आहेत." वडील वाचले. मी तिला शोधत परत गेलो तेव्हा तिची पोस्टिंग बदललेली होती. आपल्या राज्यात डॉक्टरांवरच्या हल्ल्यासाठी २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला नंतर कळलं. पण त्या रात्री मला कायद्याने अडवलं नसतं. दर दोन तासांनी कुणी येऊन "तुमचा पेशंट असा आहे" एवढं सांगितलं असतं तर मी धावून गेलोच नसतो. नातेवाइकांशी बोलायला वेगळा माणूस ठेवा. त्या मुलीवर तेही ओझं का?

अंतरंग | १२ सप्टेंबर, सकाळी ११:१०

मी मानसोपचारतज्ज्ञ. माझ्याकडे निवासी डॉक्टर येतात ते शहराबाहेरून, रविवारी, बहुतेक वेळा वेगळं नाव सांगून. कारण आपल्याच कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढला तर समोर आपलेच शिक्षक असतात आणि केसपेपर लिहिणारी आपली बॅचमेट. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण कॉलेजच्या आवारात त्याचा भरवसा वाटत नाही. उपचार करणारा माणूस कॉलेजबाहेरचा हवा आणि पैसे कॉलेजने भरायला हवेत, हे माझं ठाम मत आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. सर्वेक्षणात भाग घेतलेल्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्के जणांनी स्वतःला संपवण्याचे विचार आल्याचं सांगितलं. निम्म्याहून अधिक जणांना आठवड्याची सुट्टी नियमित मिळत नव्हती. अहवालाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक पूर्ण सुट्टी सुचवली आहे. ७४ तासही जास्तच आहेत. तरी अनेक विभागांत तेवढ्यावर आणलं तर मुलं सुटल्यासारखी होतील.

सोबत राहणाऱ्यांसाठी लिहितो. जो एकाएकी मेसमध्ये यायचा बंद झाला, आंघोळ-दाढी सोडली, "मी गेलो तर युनिटला बरंच होईल" असं काही बोलला, किंवा फार दिवस खचलेला असून अचानक शांत झाला आणि वस्तू वाटायला लागला, त्याला एकटं सोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. भूल आणि आयसीयूमधल्या मुलांच्या हाताशी औषधं असतात, तिथे उशीर करू नका. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रात्री तीनलाही लावा.

नऊनंबर | १२ सप्टेंबर, रात्री ११:५५

अंतरंग सर, तुमची पोस्ट आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकली. एकाने मला खाजगीत फोन केला. आत्ता तो माझ्या खोलीवर आहे, झोपलाय. सकाळी १४४१६ ला दोघांनी मिळून फोन करायचं ठरलंय. बाहेरचा डॉक्टर हवा असेल तर तुम्हाला मेसेज करतो.

अंतरंग | १३ सप्टेंबर, रात्री १२:०४

लगेच करा. मी जागा आहे. तो उठला तर सकाळची वाट बघू नका, आत्ताच फोन करा.

भुदरगड | १३ सप्टेंबर, दुपारी ३:२०

ट्रेनिंग संपल्यावर सुटका होते असं समजू नका. मी खेड्यातला डॉक्टर, ३१ वर्षं. दवाखाना खाली, घर वर, बेल रात्रभर. मुलीच्या लग्नात मांडवातून उठून साप चावलेला पेशंट बघितला होता. रक्तदाब आहे हे मला दहा वर्षं माहीत होतं, गोळ्या स्वतःच्या स्वतः घेत होतो, कधी मोजला नाही. २०१९ मध्ये पॅरालिसिसचा सौम्य झटका आला तेव्हा पहिल्यांदा दुसऱ्या डॉक्टरसमोर पेशंट म्हणून बसलो.

त्यानंतर आम्ही पंचक्रोशीतले चार डॉक्टर एकत्र बसलो. धंद्यात एकमेकांचे स्पर्धक, दोघांचं तर बोलणंही नव्हतं. ठरलं की रविवारची रात्र एकाने घ्यायची, बाकी तिघांनी दवाखान्याच्या दारावर त्याचा नंबर लावायचा. पेशंट पळतील ही भीती होती. नाही पळाले, सोमवारी परत आले. वर्षातून एकदा चौघांनी एकमेकांची तपासणी करायची हेही ठरलं. बोलणं नसलेले दोघे आता एकमेकांचा ईसीजी काढतात.

कृष्णाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ९:४५

परवापासून हा धागा पुन्हा पुन्हा वाचतेय. नऊनंबर, त्या मित्राचं कळलं, अंतरंग सरांशी बोलणं झालं आणि घरचे त्याला न्यायला आलेत. तू आज झोप.

काल मी भाच्याच्या कॉलेजला जाऊन आले. त्याच्या विभागप्रमुखांना भेटले, भांडायला नव्हे. माझा २००३ चा पोटॅशियमचा कागद मी त्यांना सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांचा एक सांगितला. या महिन्यापासून पोस्ट-इमर्जन्सी दुपारी दोनला मुलं सुटतील, सकाळी आठला आणि दुपारी दोनला बेडजवळ ओव्हर होईल, असं ते म्हणाले. लेखी काही नाही. दुपारी दोनपर्यंत म्हणजे तरी तीस तास होतातच. पण सहा तास सुटले.

ड्युटी रूमसाठी त्यांनी प्लास्टर रूमशेजारची साठ्याची खोली द्यायची तयारी दाखवली आहे. मी मापं घेतली, ११ बाय ९ फूट. दोन दुमजली पलंग बसतील, पंख्याचा पॉइंट आहे, खिडकीला जाळी नाही आणि डास भरपूर आहेत, त्यामुळे जाळी आधी. आमच्या बॅचमधून सहा जणांनी पैसे द्यायचं कबूल केलंय. मोगरा, मुलींसाठी वेगळी खोली मिळाल्याशिवाय हे काम पुढे न्यायचं नाही असं मी त्यांना सांगितलं. दुसरी खोली वरच्या मजल्यावर बघून ठेवली आहे. सध्या तिच्यात जुन्या एक्स-रे फिल्मांचे गठ्ठे आहेत.

दोन्ही दारांना आतून कडी हवी, बोल्टची, जड. तू बसवलीस ती कुठल्या प्रकारची ते कळव.

मोगरा | १४ सप्टेंबर, रात्री १०:०२

आठ इंची टॉवर बोल्ट, स्टीलचा. स्क्रू मोठे घ्या ताई, सोबत येतात ते छोटे असतात, चौकटीत धरत नाहीत. फोटो पाठवते.